मंगळवारची कोरी पट्टी

अनसूयाबाई बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. मी शाळेत रुजू व्हायला गेले त्या दिवशी त्यांनी माझा हुकमाचा कागद घेतला, वाचला न वाचला आणि माझी बोटं निरखत विचारलं, "सुई धरता येते का?" मी जरा फणकाऱ्यानंच सांगितलं, की मी नॉर्मल, म्हणजे मास्तरकीची परीक्षा, पास आहे. "ते झालंच," त्या म्हणाल्या. "सुई?"

गाव कामरगावपासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात आणि त्यातली काही माझ्यावर रागावतील. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता आणि राज्य मध्य प्रदेश. वरून येणारा प्रत्येक कागद नागपूरचा वास घेऊन यायचा. यांची पोस्टात बदली झाली म्हणून आम्ही त्या गावात आलो आणि मला मुलींच्या शाळेत जागा मिळाली. शाळा म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामातली एक लांब खोली. भिंतीच्या फटींमधून जुना कापूस अजून निघायचा. बाई तिथल्या मोठ्या बाई, मी धाकटी. तिसरं कोणी नाही.

बाई मूळच्या कारंज्याच्या, कोष्ट्याच्या घरातल्या. बापाच्या मागावर पाय पोचत नव्हते तेव्हापासून त्या दोरे भरत होत्या. लग्न वाशीमला झालं होतं. दोन वर्षांनी नवऱ्यानं त्यांना माहेरी पाठवलं आणि दुसरी केली. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. कापडाचा व्यापार होता त्याचा. गावोगावच्या बाजारांत पाल ठोकायचा, कामरगावलाही यायचा. बाई शिकल्या, नोकरीला लागल्या आणि या गावात येऊन एकट्या राहिल्या. कारंज्याला भावाच्या घरी एक खोली होती म्हणे, पण ती वहिनीच्या मर्जीची. "शाळा हाय तवर मी हाय," असं त्या हसत म्हणायच्या. मला ते बोलायची एक पद्धत वाटायची.

सरकारी हजेरीपट होताच. तो भरून झाला, की बाई आणखी एक हजेरी मांडायच्या. मांजरपाटाचं एक लांब कापड, त्यावर आडव्या ओळी मुलींच्या, ज्या क्रमानं त्या तरटावर बसायच्या त्याच क्रमानं. उभ्या पट्ट्या दिवसांच्या. जी आली तिचा त्या दिवसाच्या जागी एक हिरवा टाका. जी धाकटं भावंड कडेवर घेऊन आली तिचा पिवळा. आली नाही तिची जागा कोरी. शनिवार संपला, की आठवड्याची हद्द म्हणून काळा धावदोरा. शाळा सुटली, की बाई दाराशी उजेडात बसून हे काम करायच्या. दोरे विकत कशाला आणतील, जुन्या लुगड्यांचे काठ उसवून काढायच्या आणि बिस्किटाच्या डब्यात रंगवार गुंडाळून ठेवायच्या. गावात त्यांना दोरेवाली बाईच म्हणत. म्हणणाऱ्यांचा सूर फारसा चांगला नसे.

मलाही पहिले काही महिने हे खूळच वाटलं. एकदा मी म्हणाले, की बाई, आकडे हजेरीपटात आहेतच, मग हा दुप्पट खटाटोप कशाला. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, मग म्हणाल्या, "आकडा कानाले ऐकू येते वं, डोळ्याले दिसत नाई."

त्यांना कुठलीही गोष्ट डोळ्यांना दिसेपर्यंत पटत नसे. मुलींच्या जन्मतारखा भरायचा कागद वरून आला तेव्हाची गोष्ट सांगते. गावात तारीख कोणाला ठाऊक? आया सांगायच्या, पोळ्याच्या मागून, वेचणीत, होळीच्या तोंडावर. मी डोक्याला हात लावून बसले. बाईंनी काय करावं? शाळेच्या अंगणात चुन्यानं सणांची नावं लिहिली आणि प्रत्येक मुलीला आपापल्या सणापुढे ओळीत उभं केलं. आयाही बघायला जमल्या. काही ओळी गोदामाच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि पोळा ते दसरा या ओळीत दोनच पोरी, एकमेकींचा हात धरून कावऱ्याबावऱ्या उभ्या. बाई त्या तोकड्या ओळीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, असं काहून? बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. शेवटी एक म्हातारी, पदर तोंडाला लावून म्हणाली, "मोजा ना बाई नऊ महिने मांगं. तवा गडी जागलीले शेतात झोपतेत." ज्वारी राखायला पुरुष मळ्यात जातात आणि तिकडेच निजतात, हे त्या दोन पोरींच्या ओळीनं साऱ्या गावाला उघड्यावर सांगितलं. अंगणात जो हशा उठला, त्यात बाईही होत्या. त्यांना इतकं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

हशा ओसरला, बायका घरी गेल्या. बाईंना घरी चला म्हणून कोणी म्हटलं नाही. म्हणायचा रिवाजच नव्हता. नवऱ्यानं सोडलेल्या बाईच्या ओट्यावर गावची बाई चढत नसे आणि तिला आपल्या ओट्यावर बोलावत नसे. नवरा जिवंत म्हणून कपाळाला कुंकू, आणि तरी हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. पहिल्या संक्रांतीला मी यादी करत होते तेव्हा पाटलीणबाईंनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की मास्तरीणबाई तुमी नव्या हाय, पण त्याइले नका बोलावू, बाकीच्या यायच्या नाईत. मी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या हाती तिळगूळ पाठवला. शाळेत बाईंनी तिळगूळ चांगला झाल्याचं सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता माझ्या बांगड्यांकडे बघत राहिल्या. मला आज त्याची लाज वाटते. तेव्हा नुसतं अवघडल्यासारखं वाटलं होतं.

त्यातून सुटका म्हणून म्हणा, मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. रविवारी शाळेला सुट्टी, यांचा पत्त्यांचा डाव, मला तरी घरी काय होतं. बाई गुळाचा चहा करायच्या आणि मी माझ्या फाटक्या लुगड्यांचे काठ त्यांना उसवायला द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुमाले कोणता रंग आवडते?" मी माझ्याच एका लुगड्याच्या काठाकडे बोट दाखवून जांभळा म्हटलं. मला वाटलं, चोळीला काही भरून देणार असतील. त्यांनी तो काठ वेगळा काढून ठेवला. चोळीचं पुढे काही झालं नाही आणि मी विसरले.

मग ते पत्र आलं. मुलींची हजेरी सरासरीनं फार कमी पडते, खर्च परवडत नाही, सुधारणा न दिसल्यास शाळा बंद करण्यात येईल. इन्स्पेक्टर तपासणीला येतील. मी पत्र बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढचे चार दिवस त्या शिकवताना मधेच थांबत आणि खोलीकडे बघत. शाळा बंद पडली तर मला काही फरक पडत नव्हता, मी पोस्टमास्तरांची बायको होते. त्यांना भावाच्या घरच्या त्या खोलीत जावं लागणार होतं. कारंज्याहून एकदा पत्र आलं होतं, त्यात वहिनीनं विचारलं होतं, की खोलीत सरकी भरली तर चालेल ना.

इन्स्पेक्टर आले. जाडजूड, घामेजलेले, तसे वाईट नव्हते. त्यांनी हजेरीपट उघडला, बेरजा तपासल्या, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, की बाई, पटावर एवढ्या मुली आणि सरासरीनं येतात त्याहून किती तरी कमी, मी तरी वर काय सांगू. बाईंनी कपाटातून ते कापड काढलं आणि टेबलावर पसरलं. साहेबांना वाटलं, हस्तकला दाखवताहेत. छान आहे म्हणाले, प्रदर्शनाला पाठवा म्हणाले. बाईंनी कापड उचललं, माझ्या हाती एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघींनी ते भिंतीशी ताणून धरलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "दारापाशी जाऊन पाहा जी."

साहेब उठले, खुर्ची करकरली. दारापर्यंत गेले, वळले. जवळून ते टाके होते. दारातून एक हिरवं रान दिसत होतं आणि त्यात दर काळ्या दोऱ्यानंतरची दुसरी पट्टी वरपासून खालपर्यंत कोरी, पेरणीची तेवढी एक ओळ कोणी सोडून दिल्यासारखी. कापसाच्या वेचणीचे दिवस तर टक्कल पडल्यासारखे. बाकी सगळं भरलेलं.

"हे दर आठवड्याला काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"मंगळवारी कामरगावचा बाजार असते जी. आया भाजी घेऊन जातेत, पोरी घरी लेकरं राखतेत. आदल्या दिशी जुड्या बांधाले बसतेत, म्हणून सोमवार इरळ." मग त्या म्हणाल्या, "पोरीयले शाळा नको नाई साहेब. शाळेची सुट्टी चुकीच्या दिशी हाय."

माळ्यांची वस्ती होती ती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्या एका बाजारावर चालायचं. बाईंनी हे अर्जात तीनदा लिहून पाठवलं होतं, नक्कल माझ्याच अक्षरात होती. साहेबांनी ते अर्ज वाचलेही असतील. पण अर्जात मंगळवार हा एक शब्द होता, आणि भिंतीवर तो माणसाच्या उंचीचा होता. जाताना त्यांनी पिवळ्या टाक्यांवर बोट ठेवून विचारलं, हे कोण? बाईंनी तरटाच्या कडेला निजलेली दोन पोरं दाखवली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज न करता बाहेर पडले.

दीड महिन्यानं हुकूम आला. एक वर्ष प्रयोग म्हणून त्या शाळेला रविवारऐवजी मंगळवारी सुट्टी. शाळा राहिली. मी आनंदानं पेढे वाटले. बाईंनी नव्या कापडावर नवी हद्द आखली, सोमवार संपला की काळा दोरा. कापड भरू लागलं आणि त्या रोज संध्याकाळी दाराशी जाऊन ते दुरून बघायच्या.

त्याच वर्षी त्यांच्या हातून चूकही झाली, तीही सांगायला हवी. आपली ओळ कोरी राहू नये म्हणून मुलींमध्ये चढाओढ लागली. गोदी नावाची एक मुलगी होती, महिन्यामागून महिने तिची ओळ सलग हिरवी. एक दिवस ती अंगात ताप घेऊन आली, ओढणी गुंडाळून बसली, कोणाला सांगितलं नाही. गोवर होता. पंधरा दिवसांत कापडावर गोदीच्या ओळीभोवती कोऱ्या जागा पसरत गेल्या, आधी शेजारची, मग तिच्या शेजारची, तेल सांडावं तशा. मुली वाचल्या सगळ्या, पण गोदीची आई शाळेत येऊन ओट्याखालूनच बोलली, की बाई, तुमच्या दोऱ्यापायी माही पोरगी तापात उठून आली. बाईंनी खाली मान घातली. त्या डागाकडे त्या किती तरी दिवस बघत होत्या, उसवला मात्र नाही.

त्यानंतर त्यांनी डब्यात पांढरा दोरा ठेवला. आजारी पडून घरी राहिली तिच्याही जागी टाका, पण पांढरा. मांजरपाटावर पांढरा टाका दिसत नाही, बोट फिरवलं तर लागतो. मी म्हटलं, बाई, न दिसणारा टाका घालून काय उपयोग? तुम्हीच म्हणता, डोळ्याला दिसलं पाहिजे.

"आली नाई, पण याचं होतं तिले," त्या म्हणाल्या. "तिची जागा कोरी कायले ठेवाची?"

आता माझ्यापर्यंत येते. रविवारी शाळा सुरू झाली आणि आमच्या दुपारी संपल्या. सुट्टी मंगळवारी. मंगळवारी गाव उठून बाजाराला जायचं. पाटलीणबाईंची दमणी, बैलांची हलकी गाडी, निघायची, त्यात मला जागा ठेवलेली असायची. घर आणि शाळा एवढ्यातच कोंडलेल्या बाईला बाजार म्हणजे काय, हे ज्या कोंडल्या गेल्या नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. मी एकदोनदा बाईंना चला म्हटलं. "बाजारात मले काय घेणं हाय," म्हणाल्या. नवऱ्याचं पाल तिथं असायचं, त्याची दुसरी बायको गल्ल्यावर बसायची, हे मला ठाऊक होतं. मी त्या पालासमोरून दर मंगळवारी जायचे. तरी पुढच्या मंगळवारी पुन्हा दमणीत चढायचे. जाताना बाईंच्या दारावरून रस्ता होता. मी गाडीतूनच ओरडायचे, "आल्यावर येते हो." येईपर्यंत दिवेलागण व्हायची, भाजी निवडायची असायची, यांची जेवणं असायची. मी जात नसे. त्या दिवशी गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि अनसूयाबाई एवढेच उरायचे. त्यांनीच मिळवलेली सुट्टी होती ती.

शाळेत रोज भेटत होतो, हे माझं समाधान. रोज भेटणं आणि कोणाच्या घरी जाणं यात फरक आहे, हे मला त्या वयात कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. जमत नव्हतं असं म्हणत होते.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी एका शनिवारी हे म्हणाले, तुमच्या बाईंना सरकारी पाकीट आलंय, जाड आहे. मी म्हटलं, असेल काही तरी कागद. सोमवारी शाळेत बाई नेहमीसारख्याच होत्या. फक्त सुटताना त्यांनी विचारलं, "उद्या बाजाराले जाता?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली.

मंगळवारी सकाळी दमणी त्यांच्या दारावरून गेली. त्या पायरीवर बसून सुईत दोरा ओवत होत्या, दोऱ्याचं टोक उन्हाकडे धरून, एक डोळा बारीक करून. मी नेहमीचं ओरडले. त्यांनी सुई असलेला हात वर केला. पाटलीणबाई काही तरी विनोद करत होत्या, मी तिकडे वळले.

दिवेलागणीला परतलो तर दाराला कुलूप. मेडशीला बदली झाली होती. दुपारच्या मोटारीनं एक ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या गेल्या, असं मारुतीच्या पारावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. पोचवायला कोण होतं, असं मी विचारलं. "बाजार व्हता ना आज," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटात माझ्या नावानं बोचकं होतं. आत मुलींच्या हजेरीची सगळी कापडं, बिस्किटाचा डबा, आणि तळाशी एक अरुंद पट्टी, जखमेला बांधायच्या पट्टीसारखी गुंडाळलेली. सात घरं रुंद आणि उलगडत गेले तर तीन-चार हात लांब. एका ओळीत एक आठवडा, सोमवार ते रविवार. कसली हजेरी आहे, हे मला पहिल्यांदा कळेना. मग मी ती भिंतीला ताणून बांधली आणि दारापाशी जाऊन पाहिलं.

त्यांच्या दारी कोण आलं, याची हजेरी होती ती. जवळजवळ सगळी कोरी. कुठे तरी एक तपकिरी टाका, यांच्या पोस्टमनचा असावा. एक हिरवा, बहुधा गोदी बरी होऊन पाया पडायला गेली तेव्हाचा. आणि वरच्या भागात शेवटच्या पट्टीत, रविवारी, एकाखाली एक जांभळे टाके, माझ्या लुगड्याच्या काठातले. सुट्टी बदलली तिथं जांभळा रंग तुटला होता. त्याखाली त्या पट्टीत फक्त मांजरपाट, शेवटपर्यंत.

मी जवळ गेले. का कोण जाणे, त्या कोऱ्या भागात मंगळवारच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला टाके लागले. पांढरे. डब्यात पांढरा दोरा आला तेव्हापासून एकही मंगळवार सुटला नव्हता. दर आठवड्याला, मी गाडीतून ओरडून गेल्यावर आणि रात्रीपर्यंत न आल्यावर, त्यांनी माझ्या जागी तो टाका घातला होता. आली नाही, पण यायचं होतं तिला.

मला यायचं नव्हतं. मला बाजारात जायचं होतं. हे मी त्यांना कधी तरी मेडशीला जाऊन सांगणार होते. एसटी होती, दिवसभरात जाऊन येता आलं असतं. वर्षभरात यांची पुन्हा बदली झाली, मग मुलं झाली, मग जाणं राहूनच गेलं. पट्टी अजून माझ्याकडे आहे. तिची शेवटची ओळ सोमवारी थांबत नाही. त्यापुढच्या मंगळवारीही पांढरा टाका आहे, म्हणजे दुपारी मोटारीला जायच्या आधी घातलेला. मी परत येण्याआधीच घातलेला. पायरीवर बसून, दोऱ्याचं टोक उन्हाकडे धरून, एक डोळा बारीक करून त्या ओवत होत्या, तो दोरा पांढरा होता.